भिशीची वही

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी
उत्तरेश्वर पेठेत, आमच्या गच्चीवर
वीस माणसं, वीस कप, एक वही.
प्रत्येकी दोन हजार. चाळीस हजारांची गड्डी
एरवी कांदा-लसूण चटणी असते त्या डब्यात.
बँकेतला कॅशियर आमच्या नोटा मोजताना शिंकतो.

लिलाव उलटा असतो आमच्यात.
ज्याला आज हवेत त्यानं कमी घ्यायचे,
सोडलेले बाकीच्यांत वाटायचे.
मी फक्त लिहिते: नाव, आकडा, तारीख.
चौदा वर्षं लिहिते आहे
'आत्ता'चा भाव.

पहिल्याच महिन्यात बाबालाल मुजावर म्हणाला, एकतीस.
(उद्यमनगरात लेथवर असतो,
सुताएवढी चूक चालत नाही त्याला.)
आणि दुसरं कुणी तोंड उघडायच्या आत
स्वतःचीच बोली उतरवत म्हणाला, साडेतीस.
गच्ची हसली. मीही, वहीत तोंड घालून.
सरनोबत मास्तर तेवढे हसले नाहीत.
ते शेवटचे. दर खेपेला शेवटचे.
पुरे चाळीस घेतात, दोनदा मोजतात.

आता माझं सांगते.
मला कुणी विचारलं,
पुढच्या दिवाळीला उचलतेस,
की त्यानंतर महिन्यानं, दोन हजार जास्त?
तर महिन्यानं. त्यात काय.
आज उचलतेस, की महिन्यानं?
हात वर जातो.
माझाच हात. मला न विचारता.
महिना तोच, तीसच दिवसांचा,
पायाशी आला की लांब होतो.

आभाळ निवळलं की गच्चीवरून पन्हाळा दिसतो.
एक डोळा मिटला तर अख्खा गड
तटाबुरुजांसकट अंगठ्यामागं जातो.
आणि खाली कोपऱ्यावर बळीरामच्या कढईतला वडा
संध्याकाळी सहाला
गडापेक्षा मोठा असतो.

गुजरीत सोनाराचा तराजू बघितलाय मी,
काचेच्या पेटीत, वारा लागू नये म्हणून.
गुंजभर सोनं ठेवलं तरी पारडं थरथरतं,
मग तो श्वास धरून थांबतो.
कवटीतल्या तराजूला काच कुणी बसवली नाही.
शेजारी रस्सा उकळला
की काटा तिकडं.

बाबालालनं त्या पैशांचं काय केलं
ते सहा महिन्यांनी कळलं.
उजळाईवाडीहून विमानानं आईला हैदराबादला नेलं.
तिथं एक रात्र, भावाकडं. परत एसटीनं.
एवढ्यासाठी साडेनऊ हजार सोडलेस?
म्हणाला, वहिनी, तिला काचबिंदू आहे.
डॉक्टरांनी सांगितलं, वर्षभर काठाकाठानं अंधार येत जाईल.
खिडकीशी बसवली तिला.
म्हणाली, बाबू, एवढंसं होय रे आपलं गाव,
अंगठ्याखाली झाकंल की.

मी वही उघडली, त्याची ओळ काढली.
साडेतीस. आकड्यात कुठंच काही दिसत नव्हतं.
म्हणजे बाबालाल शहाणा, असं ठरवून
मी महिनाभर खूश होते.

मग नवी भिशी सुरू झाली
आणि पठ्ठ्यानं पुन्हा पहिलीच उचलली, तीस हजारांत.
कशाला रे?
मोबाइल, म्हणाला. असाच. चांगला आलाय.

मास्तरांना विचारलं, पाच भिशा झाल्या,
कशासाठी साठवताय?
चष्मा पुसत राहिले.
अजून ठरलं नाही, म्हणाले.
आणि जिना उतरता उतरता:
माझं नाव शेवटीच धरा.

वीसपैकी एक ओळ माझी, अजून कोरी.
पुढचा रविवार आठ दिवसांवर.
आज सोमवार आहे, मी फार शहाणी आहे आज.
चौदा वर्षं बघत आलेय,
शनिवारी रात्री काहीतरी हवंसं वाटायला लागतं.
काय ते
तेव्हा कळेल.